लिलावातले माणिक-हिऱ्यांचे दागिने: वर्णनात लिहिलेलं आणि गाळलेलं

कोंदण (धागाकर्ता)

लिलावघराच्या कॅटलॉगमध्ये माणकाच्या अंगठीचं वर्णन जेमतेम चार-पाच ओळींचं असतं. त्यातला शब्द न् शब्द मोजून घातलेला असतो, त्यामुळे काय लिहिलंय याइतकंच काय गाळलंय तेही वाचावं लागतं. या विषयाची माहिती तुकड्यातुकड्यांत विखुरलेली आहे, ती एका जागी यावी म्हणून हा धागा.

आधी शीर्षक पाहा. नुसतं 'माणिक आणि हिऱ्यांची अंगठी' असेल आणि खाली कुठल्याही प्रयोगशाळेचा अहवाल दिलेला नसेल, तर माणिक रंग सुधारण्यासाठी भट्टीत तापवलेलं आहे, खाण अज्ञात आहे आणि भेगांमध्ये काहीतरी भरलेलं असू शकतं, असंच धरून चालायचं. यात लिलावघर फसवत नाही. त्यांच्या अटींमध्ये रंगीत रत्नांवर प्रक्रिया झालेली असू शकते हे साफ लिहिलेलं असतं. ज्या विक्रेत्याकडे न तापवलेलं ब्रह्मदेशी माणिक आहे तो अहवाल जोडल्याशिवाय राहत नाही, कारण त्या एका कागदाने किंमत कित्येक पट वाढते. कागद नसणं हीसुद्धा माहितीच आहे.

अहवाल असेल तर त्यात पाहायच्या गोष्टी अशा. पहिली, खाण: ब्रह्मदेश, मोझांबिक, थायलंड, श्रीलंका वगैरे. हे प्रयोगशाळेचं मत असतं, जन्मदाखला नव्हे. दुसरी, तापवल्याच्या खुणा आहेत की नाहीत. तापवलेलं असेल तर भेगांमध्ये उरलेला काचेसारखा अवशेष अल्प, मध्यम की बराच, हेही लिहिलेलं असतं. 'तापवलेलं' आणि 'तापवलेलं, अवशेष बराच' यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि कॅटलॉगच्या सारांशात नेमकी हीच पायरी गाळली जाते. म्हणून सारांशावर न थांबता मूळ अहवालाची प्रत मागवा. तिसरी, तारीख. पंधरा-वीस वर्षांपूर्वीच्या अहवालानंतर खड्याला पुन्हा पॉलिश केलं असेल, टवका उडाला असेल, नाहीतर खडाच बदलला असेल. अहवालातली मापं शंभरांश मिलिमीटरपर्यंत दिलेली असतात. ती समोरच्या खड्याशी जुळवून पाहिली की शंका बऱ्यापैकी मिटते.

खाणीने किती फरक पडतो? 'सनराइज रुबी' हे कार्टिए या फ्रेंच जवाहिऱ्याच्या अंगठीतलं २५.५९ कॅरेटचं ब्रह्मदेशी माणिक मे २०१५ मध्ये जिनिव्हाला सदबीज या लिलावघराकडे सुमारे ३ कोटी ३ लाख डॉलरला गेलं, म्हणजे कॅरेटला जवळपास ११.८ लाख. 'एस्ट्रेला दे फुरा' हे ५५.२२ कॅरेटचं मोझांबिकचं माणिक जून २०२३ मध्ये न्यूयॉर्कला ३ कोटी ४८ लाखांना गेलं. एकूण आकडा मोठा, पण कॅरेटला ६.३ लाख. आकार दुपटीहून मोठा असूनही कॅरेटचा भाव निम्म्यावर. रंग, स्वच्छता, घडण यांचाही हिशेब त्यात आहे, पण 'मोगोक' या ब्रह्मदेशातल्या खाणींच्या गावाच्या नावाचं वजन तराजूत दिसतंच.

---

सोनसाखळी

'पिजन ब्लड' लिहिलेलं असलं की डोळे झाकून उत्तम समजायचं का? आणि हे मत प्रत्येक प्रयोगशाळेचं वेगळं कसं असतं?

---

रेशीमधागे

डोळे झाकून मुळीच नाही. पारव्याच्या रक्तासारखा लाल हा व्यापारातला जुना शब्द, त्याला एकच अधिकृत व्याख्या नाही. एसएसईएफ आणि ग्युबेलिन या दोन स्विस प्रयोगशाळांनी २०१५ मध्ये आपापले निकष जुळवून घेतले: रंग भरदार लाल हवा, तपकिरी झाक नको, अतिनील प्रकाशात प्रतिदीप्ती (लाल चमक) तीव्र हवी आणि खडा तापवलेला नको. काही प्रयोगशाळा मात्र तापवलेल्या माणकालाही हाच शब्द देतात. म्हणजे एकाच शब्दाचे दोन कागद शेजारी ठेवले तरी किमती अगदी वेगळ्या असू शकतात. हा शब्द कोणत्या प्रयोगशाळेचा, ते आधी पाहा आणि त्याच कागदावर तापवण्याबद्दलची ओळ वाचा.

प्रतिदीप्तीचं कारण समजून घेतलं तर बरंच सोपं होतं. माणकाला लाल करतं ते क्रोमियम, आणि अतिनील प्रकाशात लाल चमकवतंही तेच. लोह मात्र ही चमक मारतं. मोगोकची माणकं संगमरवरात तयार झाली, त्यांत लोह अगदी कमी, म्हणून ती उन्हात निखाऱ्यासारखी आतून पेटलेली दिसतात. थाई माणकं बेसाल्टशी निगडित आहेत, लोह जास्त, म्हणून ती काळपट आणि थंड वाटतात. मोझांबिकची मधे कुठेतरी, आणि त्यांच्यातही फरक मोठा.

इथे एक सापळा आहे. ३६५ नॅनोमीटरचा टॉर्च मारला, खडा लालभडक पेटला, म्हणजे तो ब्रह्मदेशी, असं ठोकून देणारे बरेच भेटतात. कृत्रिम माणिक त्याहून जोरात पेटतं, कारण त्यात लोह जवळजवळ नसतंच. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्न्युइलने ज्वालेत माणिक बनवण्याची पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली. त्यानंतरच्या दागिन्यांत, विशेषतः १९२० आणि ३० च्या दशकांतल्या बारीक चौकोनी खड्यांच्या कामात, कृत्रिम माणकं सर्रास दिसतात. मधला हिरा अस्सल, प्लॅटिनम अस्सल, सही अस्सल आणि कडेची लाल ओळ कारखान्यातली, असंही असतं. त्या काळात ती कमीपणाची गोष्ट नव्हती. हव्या त्या मापाचे एकसारखे खडे मिळायचे, म्हणून वापरले. दहापट भिंगाखाली वर्तुळाकार वळलेल्या रेघा आणि गोल बुडबुडे दिसले की प्रश्न मिटला. नैसर्गिक माणकातल्या वाढीच्या रेघा सरळ असतात आणि कोनात वळतात.

तापवण्याबद्दल. मोगोकच्या माणकात रुटाइल या खनिजाच्या बारीक सुयांचं जाळं असतं, त्याला रेशीम म्हणतात. फार वर चढलेल्या भट्टीत या सुया विरघळतात, तुटून ठिपक्यांची माळ होते. आतल्या स्फटिकांभोवती चकतीसारख्या भेगा उमटतात. सुया अखंड आणि टोकदार असतील तर खडा त्या तापमानाला गेलेला नाही. मात्र मोझांबिकच्या माणकांवर साधारण १००० अंशांखाली सौम्य तापवण्याचीही पद्धत आहे, आणि तिथे सुया शाबूत राहतात. ते भिंगाने पकडणं जवळपास अशक्य आहे, त्याला अवरक्त वर्णपट वगैरे तपासण्या लागतात. त्यामुळे 'सुया दिसतात, म्हणजे न तापवलेलं' हे मोझांबिकच्या बाबतीत अर्धवट सत्य आहे.

---

तिसरा_पुकारा

खड्याबद्दल जाणकार बोललेच आहेत. मी पैशांकडे वळतो, कारण लिलावात पहिल्यांदा बोली लावणारा तिथेच फसतो.

कॅटलॉगमधला अंदाज हातोड्याच्या किमतीचा, म्हणजे शेवटच्या बोलीचा असतो. निकालात छापून येणारी किंमत मात्र खरेदीदाराचं प्रीमियम, म्हणजे लिलावघर त्याच्याकडून वर घेतं ते शुल्क, धरून असते. दोन्हींची तुलना करणं म्हणजे वजन आणि उंचीची बेरीज करणं. वर कोंदण यांनी दिलेला एस्ट्रेला दे फुराचा आकडा घ्या. हातोडा पडला ३ कोटी डॉलरवर. तेव्हाच्या सदबीजच्या दरांप्रमाणे पहिल्या १० लाखांवर २६ टक्के, पुढे ४५ लाखांपर्यंत २० टक्के, त्यावर १३.९ टक्के, आणि शिवाय हातोड्याच्या किमतीवर १ टक्का. हिशेब असा: २.६ लाख, ७ लाख, ३५.४४५ लाख आणि ३ लाख. बेरीज ४८ लाख ४ हजार ५००. म्हणून निकाल ३ कोटी ४८ लाख ४ हजार ५०० डॉलर. बोलणाऱ्याने उच्चारलेला आकडा आणि भरलेला आकडा यांत अर्ध्या कोटीचं अंतर.

हे दर स्थिर नसतात. सदबीजने २०२४ मध्ये ते उतरवून ६० लाखांपर्यंत २० टक्के आणि त्यावर १० टक्के केले, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये पुन्हा २० लाखांपर्यंत २७, तिथून ८० लाखांपर्यंत २२, पुढे १५ असे चढवले. त्यामुळे जुन्या निकालांवरून हातोडा काढताना त्या तारखेचे दर लावा.

उलटा हिशेबही कामाचा आहे. अंदाज १,००,००० ते १,५०,००० आणि छापील निकाल १,०१,६००. वाटतं, अंदाजात गेलं. प्रीमियम २७ टक्के धरून १,०१,६०० ला १.२७ ने भागलं की हातोडा निघतो ८०,०००, खालच्या अंदाजाच्याही बराच खाली. राखीव किंमत (जिच्याखाली विक्रेता विकत नाही) सहसा खालच्या अंदाजापेक्षा जास्त नसते, आणि दागिना विकला गेला म्हणजे ती इथे ८०,००० किंवा त्याखाली होती. असे दागिने लक्षात ठेवा. त्या प्रकाराच्या मालाला त्या हंगामात मागणी नव्हती, हे यातून कळतं.

स्वतःची मर्यादा ठरवताना बोलीच्या पायऱ्याही मोजा. समजा एकूण ५०,००० च खर्चायचे आहेत. १.२७ ने भागले की ३९,३७० येतात. पण त्या टप्प्यात बोली बहुतेक ठिकाणी ३०, ३२, ३५, ३८, ४० हजार अशा पायऱ्यांनी चढते. ३८,००० वर तुमचे ४८,२६० होतात, ४०,००० वर ५०,८००. म्हणून तुमची खरी मर्यादा ३८,०००. त्यातही ३८ ची पायरी समोरच्याच्या वाट्याला आली तर तुम्हाला ४० म्हणावं लागतं किंवा हात खाली ठेवावा लागतो. कर, वाहतूक, विमा अजून बाकीच आहेत.

आणखी एक. राखीव किमतीपर्यंत लिलावकर्ता विक्रेत्याच्या वतीने बोली पुढे नेऊ शकतो, तसं अटींमध्ये लिहिलेलं असतं. सभागृहात कोणी बोलत नसतानाही आकडे चढताना दिसतात ते यामुळे. घाबरून उडी मारायचं कारण नाही, घाईने सोडून द्यायचंही नाही.

---

सोनसाखळी

१.२७ चा हिशेब डोक्यात बसला. पण लॉटच्या, म्हणजे लिलावातल्या क्रमांक दिलेल्या वस्तूच्या, पुढे जी चिन्हं असतात, त्रिकोण, वर्तुळ वगैरे, त्यांचं काय?

---

तिसरा_पुकारा

प्रत्येक घराची चिन्हं वेगळी, अर्थ कॅटलॉगच्या शेवटी दिलेले. महत्त्वाची दोन. एक म्हणजे विक्रेत्याला किमान रकमेची हमी दिलेली आहे. दुसरं म्हणजे कोणीतरी आधीच मागे न घेता येणारी बोली लावून ठेवली आहे. दुसरं चिन्ह असेल तर लॉट विकला जाणार हे नक्की, आणि त्या बोलीवाल्याला बहुधा काही मोबदला ठरलेला असतो. तुमची स्पर्धा अशा माणसाशी आहे की ज्याला हरूनही पैसे मिळतात.

---

रेशीमधागे

ब्रह्मदेशी माणकांच्या बाबतीत एक कायदेशीर खूणही येते. अमेरिकेने २००८ मध्ये ब्रह्मदेशी माणिक आणि जेडाइट या रत्नाच्या आयातीवर बंदी घातली. तिसऱ्या देशात पैलू पाडलेलं माणिकही त्यात आलं. २०१६ च्या ऑक्टोबरमध्ये ही बंदी उठली. २०२१ मध्ये तिथल्या सरकारी रत्नकंपनीवर वेगळे निर्बंध आले. त्यामुळे लिलाव कुठे आहे, माल कुठे न्यायचा आहे, हे बोलीच्या आधी विचारा. मूळ देशाचं नाव बदललं की नियम बदलतो, आणि खाणीचं मत देणाऱ्या दोन प्रयोगशाळांत मतभेद असतील तर हा प्रश्न अजूनच किचकट होतो.

---

जुनी_घडण

आतापर्यंत चर्चा खड्याचीच चालली आहे. दागिना म्हणून बघायचं तर घडण आणि हिरे यांच्याकडे वळावं लागेल, कारण माणकाभोवतीचे हिरे दागिन्याचं वय सांगतात.

कडेचे हिरे भिंगाखाली एकेक करून पाहा. टेबल (वरचा सपाट पैलू) लहान, माथा (वरचा भाग) उंच, खालचं टोक कापून सपाट केलेलं आणि वरून पाहिलं की मधोमध छोटं वर्तुळ दिसतं, बाहेरची रेषा उशीसारखी: हा जुना खाणीचा काट (पैलू पाडण्याची पद्धत). बाहेरची रेषा गोल पण बाकी तसंच, तर जुना युरोपीय काट. आधुनिक काटात टोक बंद असतं आणि चमक बारीक-बारीक तुकड्यांत दिसते. बारीक हिऱ्यांत आठ-आठ पैलूंचा साधा काटही भेटतो. बारा हिऱ्यांच्या कड्यात दहा जुने आणि दोन आधुनिक असतील तर ते दोन नंतर बसवलेले. यामुळे दागिना वाईट ठरत नाही, पण वर्णनात 'मूळ' लिहिलं असेल तर प्रश्न विचारायलाच हवा.

धातूही बोलतो. एकोणिसाव्या शतकात हिरे चांदीत बसवून मागे सोनं लावण्याची पद्धत होती. प्लॅटिनमचं काम विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रूढ झालं. १८७० ची म्हणून विकली जाणारी ब्रोच प्लॅटिनमची असेल तर तारीख चुकलेली आहे किंवा ब्रोच नंतर बदललेली आहे. १९४२ पासून युद्धामुळे अमेरिकेत प्लॅटिनमचा दागिन्यांतला वापर थांबवला होता, म्हणून त्या दशकात तिथलं काम बरंचसं पिवळ्या आणि गुलाबी सोन्यातलं. अशा गुलाबी सोन्याच्या कामात बारीक लाल खडे दिसले की कृत्रिम असतील ही शंका आधी घ्या.

फ्रेंच कामावर शिक्के असतात. गरुडाचं डोकं म्हणजे १८ कॅरेट सोनं, १८३८ पासून. कुत्र्याचं डोकं म्हणजे प्लॅटिनम, १९१२ पासून. कारागिराचा शिक्का चौकट तिरकी उभी केल्यासारख्या आकारात. शिक्का नेमका कुठल्या भागावर आहे ते पाहा. ब्रोचची पिन बदललेली असेल आणि शिक्का फक्त पिनेवरच असेल, तर तो शिक्का पिनेचा झाला, ब्रोचचा नव्हे. सही आणि क्रमांक दोन्ही हवेत, आणि दोन्हींची खोदाई त्या काळच्या हत्याराची हवी. नव्या लेझरची रेघ काठाला एकसारखी आणि किंचित जळलेली दिसते, जुन्या ठशाच्या कडेला धातू थोडा वर आलेला असतो. काही घराणी दप्तरातल्या नोंदींचा दाखला शुल्क घेऊन देतात. मोठी रक्कम असेल तर तो आधीच मागवून ठेवलेला बरा.

वर्णनातले शब्दही बघा. 'कार्टिएची' आणि 'कार्टिएने बसवलेलं' यांत अंतर आहे. दुसऱ्यात खडा घराण्याचा निवडलेला असेलच असं नाही. 'सही केलेली' म्हणजे सही आहे, एवढंच.

व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्स या फ्रेंच घराण्याची अदृश्य जडावाची पद्धत १९३३ मध्ये पेटंट झाली. प्रत्येक माणकाच्या कमरेखाली (सर्वांत रुंद कडेखाली) खाच पाडायची आणि धातूच्या बारीक रुळांवर खडे एकामागून एक सरकवायचे, वरून धातू दिसतच नाही. पाहायला मखमल, दुरुस्तीला संकट. मधला एक खडा कडेला तुटला तर अख्खी ओळ बाहेर काढावी लागते, आणि नवा खडा रंगाने आणि खाचेने जुळवावा लागतो. असे दागिने घेताना वरून भिंग लावून प्रत्येक सांध्यावर बोट ठेवल्यासारखं पाहा: एखादा खडा शेजाऱ्यापेक्षा किंचित वर आहे का, एखाद्याचा लाल जरा वेगळा आहे का, कुठे फट आहे का. वर आलेला खडा म्हणजे रूळ वाकलेला.

---

कोंदण

जुनी_घडण, धन्यवाद. हिऱ्यांच्या बाबतीत अजून दोन-तीन मुद्दे जोडतो.

बारीक हिऱ्यांसाठी सहसा प्रयोगशाळेचा अहवाल नसतो. मोठ्या, दोन-तीन कॅरेटच्या जोडीला मात्र मागाच. अलीकडे प्रयोगशाळेत वाढवलेले हिरे जुन्या काटातही पाडले जातात, त्यामुळे 'जुना काट, म्हणजे जुना हिरा' हा भरवसा आता धरता येत नाही. सनराइज रुबीच्या दोन्ही बाजूंचे हिरे सप्तकोनी आहेत, २.४७ आणि २.७० कॅरेटचे. असे विचित्र आकाराचे बाजूचे हिरे मूळचे असतील तर ते दागिन्याची ओळखच बनतात, कारण दुसरी जोडी पाडून घेणं सोपं नसतं.

वर्णनात 'अंदाजे वजन' असेल तर खडा बसवलेला असतानाच मापावरून काढलेलं आहे. ते तुम्हीही करून पाहू शकता. लंबगोल माणकासाठी लांबी आणि रुंदीची सरासरी काढा, तिचा वर्ग करा, खोलीने गुणा, मग ०.००८० ने गुणा (माणकाची घनता ४.०० धरून). उदाहरण: ९ बाय ७ मिलिमीटर, खोली ४.५. सरासरी ८, वर्ग ६४, गुणिले ४.५ म्हणजे २८८, गुणिले ०.००८० म्हणजे २.३० कॅरेट. गोल आधुनिक हिऱ्यासाठी व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ०.००६१: ६.५ मिलिमीटर आणि खोली ४.० असेल तर १.०३ कॅरेट. माणकाचं पोट (खालचा भाग) फुगीर असेल तर उत्तर कमी येतं आणि प्रत्यक्ष वजन दहा टक्क्यांपर्यंत जास्त भरू शकतं. जुन्या माणकांत हे फार आढळतं, कारण पैलू पाडणारे वजन वाचवायला पोट राखत. ते वजन वरून दिसत नाही, पण पैसे मात्र कॅरेटने द्यावे लागतात.

त्याउलट पातळ कापलेल्या खड्यात मधोमध खिडकी दिसते, म्हणजे आरपार दिसणारा फिका भाग. कागदावर छापलेल्या अक्षरांवर धरून पाहा. अक्षरं वाचता आली तर लाल रंग प्रकाशासोबत खालून निघून जातोय.

---

सुई_दोरा

लिलावानंतरचं कोणीच बोललं नाही. घेतल्यावर बहुतेकांना अंगठीचं माप बदलायचं असतं आणि नुकसान तिथे होतं.

कारागीर डाग देण्याआधी, म्हणजे तापवून धातू सांधण्याआधी, हिऱ्याच्या दागिन्याला बोरिक ॲसिडच्या द्रावणात बुडवून पांढरा थर चढवतो. हिरा हवेत तापला की पृष्ठभाग धुरकट होतो, तो थर त्याला वाचवतो. माणकाला हीच गोष्ट घातक आहे. तापल्यावर बोरिक ॲसिड आणि सवागी म्हणजे बोरॅक्स माणकाचा पृष्ठभाग खातात, पैलूंवर खडबडीत चरे उमटतात आणि पुन्हा पॉलिश करावं लागतं. पॉलिश म्हणजे वजन गेलं, मापं बदलली, आणि अहवाल जुळेनासा झाला. माणिक आणि हिरा एकाच अंगठीत असले तर आगीजवळ नेण्याआधी माणिक काढून घेणं हा सुरक्षित मार्ग. लेझरने जोडणी करता आली तर ते अजून बरं, उष्णता टोकाएवढ्या जागेत राहते.

शिशाची काच भरलेली माणकं तर वेगळंच प्रकरण. साधारण २००४ पासून बाजारात दिसतात. भेगांत काच भरून अपारदर्शक दगड पारदर्शक केलेला असतो. भिंगाखाली हलवलं की भेगांत निळसर झाक चमकते, चपटे बुडबुडे दिसतात. ती काच आगीने वितळते आणि डाग दिल्यावर धुवायच्या ॲसिडमध्ये खरवडते. लिंबाच्या रसातही कालांतराने पृष्ठभागावर चरे पडतात. मोठ्या लिलावात अशी माणकं मुख्य खडा म्हणून दिसत नाहीत. लहान ऑनलाइन लिलावात, मोठ्या आकाराचं आणि आश्चर्यकारक स्वस्त माणिक असेल तर हाच संशय पहिला.

धुताना: काच वा अवशेष भरलेला खडा, मागून बंद कोंदणातला जुना खडा आणि सैल प्रॉंग (खडा धरणारी धातूची नखं), यांपैकी काहीही असेल तर अल्ट्रासोनिक यंत्रात टाकू नका. बंद कोंदणात खाली चमकदार पत्रा असतो, पाणी शिरलं की तो काळा पडतो आणि खडा एका रात्रीत मेल्यासारखा दिसतो. ठेवताना माणिक आणि हिऱ्याचे दागिने एकाच डबीत नकोत. कठिणता ९ आणि १०, आकड्यात एकाचाच फरक, पण प्रत्यक्षात हिरा कित्येक पट कठीण. माणकाच्या पैलूंच्या कडा त्यामुळेच बोथट होतात, आणि लिलावघराच्या अवस्था अहवालात (दागिन्याच्या स्थितीच्या कागदात) 'किरकोळ झीज' या दोन शब्दांत ते संपतं.

---

सोनसाखळी

अवस्था अहवालाबद्दल नेमकं काय विचारायचं ते सांगाल का? ईमेलने मागवायचा असतो एवढंच माहीत आहे.

---

जुनी_घडण

मागवा, आणि मोघम 'अवस्था कशी आहे' असं न विचारता सरळ प्रश्न लिहा. विचारलेल्या प्रश्नाला लेखी उत्तर देताना तज्ज्ञ जपून लिहितो, आणि ते जपणंच तुमच्या कामाचं. मुख्य माणकाच्या कमरेला कुठे टवका आहे का, असल्यास प्रॉंगखाली लपलेला आहे का. पैलूंच्या कडा झिजल्या आहेत का. खडा कधी पुन्हा पॉलिश केलाय असं वाटतं का. किती हिरे बदललेले दिसतात, कोणते. अंगठीचं माप बदललंय का, आत धातूचे मणी किंवा पट्टी लावलीय का. मागच्या बाजूला शिसा-कथलाचा डाग आहे का (राखाडी, मऊ डाग दिसला तर जुनी घाईची दुरुस्ती). नेकलेस असेल तर कड्या किती सैल, कुलूप मूळचं का. ब्रोचची पेंडंट केली असेल तर मूळ पिन कुठे आहे.

फोटोवर रंगाचा निर्णय घेऊ नका. माणकाचा लाल कॅमेरा बिघडवतो, आणि प्रदर्शनाच्या पिवळट दिव्यांत तो मुद्दामच खुलून दिसतो. दिवसाच्या उजेडात, खिडकीपाशी, पांढऱ्या कागदावर, सावकाश फिरवत घेतलेला व्हिडिओ मागा. शक्य असेल तर प्रदर्शनाच्या दिवशी स्वतः जा, आणि दिव्याखालून उचलून खिडकीकडे न्यायची परवानगी मागा. कोणी वेड्यात काढत नाही, व्यापारी हेच करतात.

---

रेशीमधागे

आणि अहवाल नसेल तर लिलावाच्या आधी पुरेसा वेळ ठेवून लिलावघरालाच तुमच्या खर्चाने अहवाल मागवता येतो का विचारा. काही घरांच्या अटींत ही सोय आहे, साधारण तीन आठवडे आधी कळवावं लागतं. ३८,००० च्या बोलीपुढे अहवालाचं शुल्क किरकोळ आहे. उत्तर 'तापवलेलं, अवशेष मध्यम' असं आलं तर मर्यादा त्याप्रमाणे उतरवा, नाहीतर लॉट सोडा.

---

तिसरा_पुकारा

प्रसिद्ध मालकाच्या नावाचंही एक गणित आहे. एलिझाबेथ टेलरची ८.२४ कॅरेटची व्हॅन क्लीफ अँड आर्पेल्सची माणिक-अंगठी डिसेंबर २०११ मध्ये न्यूयॉर्कला ख्रिस्तीजकडे ४२ लाख २६ हजार ५०० डॉलरला गेली, कॅरेटला पाच लाखांहून अधिक. अंदाज होता १० ते १५ लाखांचा. त्यातला नावाचा वाटा किती ते मोजण्याचा मार्ग एकच: तेवढ्याच वजनाच्या, त्याच खाणीच्या, त्याच प्रक्रियेच्या, नाव नसलेल्या माणकाचे त्या वर्षाचे निकाल शेजारी ठेवायचे. उरलेला फरक नावाचा.

आता काळाच्या अंगाने बघायचं तर ग्राफ रुबी: ८.६२ कॅरेट, २००६ मध्ये ३६ लाखांना, २०१४ च्या नोव्हेंबरात जिनिव्हाला ८६ लाखांना. खडा तोच. पण असे दोनदा विकलेले खडे मोजकेच असतात, त्यामुळे त्यावरून सगळ्या माणकांचा भाव ठरवू नका.

---

सोनसाखळी

१० बाय ८ चं, खोली ५.२, वर्णनात 'अंदाजे ३.००' लिहिलंय, अहवाल नाही. वरच्या सूत्राने सरासरी ९, वर्ग ८१, गुणिले ५.२ म्हणजे ४२१.२, म्हणजे ३.३७. कमी लिहिलंय का?

---

कोंदण

माप कुणी घेतलं ते आधी विचारा. बसवलेल्या खड्याची खोली मागून प्रॉंग आणि तळाच्या कडीसकट मोजली गेली तर ०.५ मिलिमीटर सहज जास्त येते. ४.७ धरून काढा: ३.०५. त्यांचा आकडा तिथे बसतो. लिहून मागवा की खोली कशी मोजली, आणि त्याच ईमेलमध्ये अहवालाचंही विचारून घ्या.